पडणारा माणूस वेगळा आहे

एक घोडेस्वार उघड्या माळावरून एका एकाकी लाकडी गुत्त्यापाशी येतो. आतून पियानो ऐकू येत असतो आणि गाण्याची चाल अशी आनंदी असते की आत मैफल रंगली आहे असेच कुणालाही वाटावे. तो घोडा बांधतो, दार ढकलून आत पाऊल टाकतो आणि जागच्या जागी थांबतो. पियानो आपोआप वाजणारा आहे, त्याच्यासमोर कुणी बसलेले नाही, आणि खोलीत जिकडे तिकडे माणसे मरून पडलेली आहेत. भिंतीवरच्या एका चित्रात डोळ्यांच्या जागी खरे डोळे आहेत आणि ते त्याच्याकडे पाहत आहेत. हे सगळे दोन-तीन मिनिटांत उरकते आणि त्यात बोलणे जवळजवळ नाहीच.

हा ‘रँडी राइड्स अलोन’ नावाचा १९३४ सालचा चित्रपट. लांबी जेमतेम पाऊण तासाहून थोडी अधिक, नायक जॉन वेन, आणि तेव्हा जॉन वेन या नावाला फारशी किंमत नव्हती. पुढच्या भागात एक मुका, कुबडा माणूस कागदावर लिहून लिहून बोलतो, आणि तो मुकाही नाही व कुबडाही नाही हे प्रेक्षकाच्या लक्षात नायकाच्या पुष्कळ आधी येते. मी माझ्या वहीत या चित्रपटाला पाचपैकी दोन तारे दिले आणि खाली लिहिले, ‘सुरुवात उत्तम, नंतर घसरण.’ एखाद्या नवशिक्या परीक्षकाने लिहावे तसेच ते वाक्य होते आणि त्यात खोटे काहीच नव्हते. तरीही त्यानंतरच्या दीड वर्षात मला ते वाक्य तीन वेळा खोडावे लागले.

वही सुरू करण्यामागे मोठा हेतू नव्हता. रात्री जेवणानंतर पाऊण-एक तासात संपेल असे काहीतरी पाहायचे होते, आणि हॉलिवूडमधल्या तीसच्या दशकातल्या स्वस्त वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडेस्वारांच्या गोष्टी सांगणाऱ्या, चित्रपटांची लांबी नेमकी तेवढी असते. शिवाय ते फुकट मिळतात. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क पहिली अठ्ठावीस वर्षे टिकत असे आणि पुढे हवा असल्यास अर्ज करून त्याचे नूतनीकरण करावे लागे. या चित्रपटांच्या कंपन्या तोपर्यंत एकतर बुडाल्या होत्या किंवा दुसऱ्या कंपन्यांत विरघळल्या होत्या, आणि अर्ज करण्याची तसदी अनेकदा कुणी घेतली नाही. त्यामुळे हे चित्रपट बेवारस झाले, आणि बेवारस झाले म्हणूनच सगळ्यांचे झाले. सलग चौदा चित्रपट पाहिल्यानंतर वहीकडे पाहिले, तर प्रत्येकापुढे दोन किंवा अडीच तारे. ज्या मोजपट्टीवर प्रत्येक वस्तू सारख्याच लांबीची भरते, त्या मोजपट्टीतच काहीतरी बिघाड आहे, एवढे समजायला चौदा चित्रपट लागले.

वेन या स्वस्त चित्रपटांत कसा आला, ती हकिकत थोडक्यात अशी. १९३० साली राऊल वॉल्श या दिग्दर्शकाने ‘द बिग ट्रेल’ नावाचा प्रचंड चित्रपट काढला. दहा लाख डॉलरहून अधिक खर्च, नेहमीच्या फिल्मच्या दुप्पट रुंद अशी सत्तर मिलिमीटरची फिल्म, शेकडो गाड्या, गुरे, माणसे, आणि नायक म्हणून तेवीस वर्षांचा एक उंच, जवळजवळ अनोळखी मुलगा. मंदी नुकतीच सुरू झाली होती. बोलपटाची यंत्रणा बसवून कर्जात रुतलेल्या चित्रपटगृहांच्या मालकांना रुंद पडद्याचा आणखी एक खर्च परवडणारा नव्हता. चित्रपट आपटला आणि तो मुलगाही त्याच्याबरोबर खाली आला. पुढची जवळजवळ नऊ वर्षे, म्हणजे १९३९ साली त्याला तारा बनवणारा जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ येईपर्यंत, तो घोड्यावरून एकाच टेकडीला प्रदक्षिणा घालत राहिला. त्यातले सोळा चित्रपट १९३३ ते १९३५ या काळात ‘लोन स्टार’ या नावाखाली निघाले. निर्माता पॉल माल्व्हर्न, वितरक मोनोग्राम, आणि बहुतेकांचा दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी. एकेका चित्रपटाचा खर्च साधारण दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरातला होता आणि चित्रीकरण बहुधा आठवड्याच्या आत संपत असे.

लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलव्हार आणि गोवर स्ट्रीट हे रस्ते जिथे मिळतात, त्या परिसरात अशा किडूकमिडूक कंपन्यांची गर्दी होती. त्या वस्तीला लोक ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत; आपण दरिद्री आळी म्हणू. कोपऱ्यावर कामाच्या शोधातले घोडेस्वार टोप्या-बुटांसकट सकाळपासून ताटकळत उभे असत, म्हणून त्या नाक्याला ‘गोवर गल्च’ असे नाव पडले होते. त्यांच्यातले बरेच जण खरोखर गुरे हाकण्याचे काम सोडून आलेले होते. मजूर अड्ड्यावर सकाळी मुकादमाची वाट पाहणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडू नयेत.

इथला व्यवहार समजून घेतल्याशिवाय या चित्रपटांविषयी काही लिहिण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. मोठ्या चित्रपटाचे भाडे चित्रपटगृहाच्या गल्ल्याच्या टक्केवारीत ठरत असे, त्यामुळे चित्रपट जितका चांगला तितका पैसा अधिक. मंदीत गिऱ्हाईक टिकवण्यासाठी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत रुळली, आणि त्यातल्या दुय्यम चित्रपटाचे भाडे आधीच ठरलेले, ठोक असे. याचा परिणाम असा की दुय्यम चित्रपट कितीही रंगला तरी निर्मात्याला एक दमडी जास्त मिळत नव्हती आणि कितीही फसला तरी एक दमडी कमी होत नव्हती. कमाई आधीच ठरलेली असेल तर नफा फक्त एकाच ठिकाणाहून काढता येतो आणि ते ठिकाण म्हणजे खर्च. चांगले काम करायला कुठलेही आर्थिक कारण नसताना काही माणसांनी काही वेळा चांगले काम का केले, हा प्रश्न मला या चित्रपटांच्या कथांपेक्षा कितीतरी अधिक गुंतवून ठेवतो.

काटकसर कुठे कुठे दिसते ते पाहू लागलो की पडदा वेगळाच दिसायला लागतो. दिवे भाड्याने आणायचे, तर पैसे लागतात. सूर्य फुकट आहे. त्यामुळे गोष्ट होता होईल तो उघड्यावर घडते आणि घरातले प्रसंग चार वाक्यांत आटोपतात. कॅमेरा बहुतेक वेळा आर्ची स्टाउटच्या हातात आहे, आणि त्याला कॅलिफोर्नियातल्या दुपारच्या उन्हात दगडाची कड कशी उठते आणि घोड्यांच्या मागची धूळ कुठल्या बाजूने पाहिली की सोन्यासारखी दिसते, हे नेमके ठाऊक आहे. याच स्टाउटला पुढे ‘द क्वाएट मॅन’साठी विंटन होक यांच्याबरोबर ऑस्कर मिळाले. ब्रॅडबरीची एक खास सवय आहे. घोडेस्वार एका गावातून निघाला की कॅमेरा झटक्याने बाजूला वळतो, पडद्यावर नुसते करड्या रंगाचे फराटे उमटतात, आणि ते थांबतात तेव्हा तोच स्वार दुसऱ्या ठिकाणी पोहोचलेला असतो. दहा मैलांचा प्रवास एका हिसड्यात संपतो. पहिल्यांदा मला तो गावठीपणा वाटला होता. आता वाटते, वेळ वाचवण्याचा इतका प्रामाणिक मार्ग मोठ्या दिग्दर्शकांनाही क्वचित सुचतो.

माझ्या या पाहण्याला खरे वळण आत्यामुळे मिळाले. आत्या गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या दुखण्यामुळे महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. तिने चाळीस वर्षे शिवणाचे वर्ग चालवले. इंग्रजी तिला येत नाही. मी रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडला की ती मेथीची जुडी किंवा लसणाच्या कुड्या घेऊन समोर बसायची, आणि पहिल्याच दिवशी तिला सगळी गोष्ट समजली, कारण हे चित्रपट शनिवारी दुपारी पुढच्या रांगेत आरडाओरडा करणाऱ्या पोरांसाठी काढलेले आहेत आणि त्यात कुठलीच गोष्ट फक्त शब्दांवर सोडलेली नसते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी नायक भरधाव घोड्यावरून खलनायकाच्या अंगावर झेप घेतो आणि दोघे उतारावरून गडगडत खाली जातात, असा प्रसंग चालू होता. आत्या मान वर न करता म्हणाली, “अरे, हा तो नव्हे.”

“कोण नव्हे?”

“पडला तो. शर्ट बघ ना. मघाच्या माणसाच्या खांद्यावर शिवण नीट बसली होती. याच्या दंडावर उतरली आहे. हा खांद्यात लहान आहे.”

मी मागे जाऊन पाहिले. चित्र थांबवले. आत्याचे म्हणणे बरोबर होते. तो माणूस याकिमा कनट होता.

याकिमा हे त्याचे टोपणनाव. मूळ नाव एनॉस एडवर्ड कनट, जन्म १८९५, वॉशिंग्टन राज्यातला. उधळ्या घोड्यांवर बसण्याच्या स्पर्धांमध्ये तो विजेता होता आणि त्या जोरावर मूकपटांत नायकही झाला. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदलात असताना तापाने त्याचा आवाज बसला आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. बोलपट आले तेव्हा नायकाला आवाज हवा होता, आणि त्याच्याकडे उरले होते ते शरीर. मग तो दुसऱ्यांच्या वतीने पडू लागला. लोन स्टारच्या चित्रपटांत तो बहुतेक वेळा खलनायकाचा हस्तक असतो, म्हणजे पगार घेऊन अभिनय करतो. आणि नायकाने झेप घ्यायची वेळ आली की वेनचा शर्ट घालून वेनच्या जागीही तोच झेप घेतो. काही पाठलागांत पुढे पळणारा कनट असतो आणि मागून येणाऱ्याच्या अंगातही कनटच असतो. दोन्ही बाजूंचे चित्रण वेगवेगळ्या वेळी करून संकलनात जोडलेले असते. एका माणसाच्या मजुरीत दोघांचे काम होत असे. ‘द लकी टेक्सन’मध्ये नायक एक फांदी बुडाखाली घेऊन पाण्याच्या लाकडी पन्हळीतून सरसर घसरत जातो, तो घसरणारा कनट आहे, आणि त्या दृश्यात पाठीमागे सरकत जाणारा डोंगर खरा, पाणी खरे, आणि कड्यावरून घसरला असता तर मोडली असती ती हाडेही खरी.

मारामारीचेही तसेच. त्याआधी पडद्यावरच्या मारामारीत एकमेकांच्या दंडावर-खांद्यावर बुक्के मारून ओढाताण करत आणि ते दिसायलाही तसेच फुसके दिसे. कॅमेरा अशा कोनात ठेवायचा की मूठ चेहऱ्यासमोरून सुटली तरी पडद्यावर ती जबड्यावर बसल्यासारखी दिसेल, आणि मार खाणाऱ्याने नेमक्या क्षणी मान फेकायची, या पद्धतीचे श्रेय कनट, वेन आणि ब्रॅडबरी यांना दिले जाते. आज जगातल्या कुठल्याही चित्रपटात नायक ठोसा मारतो तेव्हा हीच युक्ती वापरलेली असते. कनटने पुढे ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या गाडीच्या घोड्यांवर उडी मारली, त्यांच्यामधून खाली पडला आणि घोडे व गाडी अंगावरून जाऊ दिली. ‘बेन-हर’मधल्या रथांच्या शर्यतीची आखणी आणि चित्रण त्याच्या हाताखाली झाले. १९६६ सालासाठी त्याला मानद ऑस्कर दिले गेले. पण मला तो आवडतो तो मोनोग्रामच्या धुळीत, जिथे त्याचे नाव श्रेयनामावलीत दुय्यम गुंड म्हणून येते आणि त्याने केलेल्या निम्म्या कामाचा उल्लेखही नसतो.

दंडावर उतरलेल्या शिवणीनंतर आत्याला या खेळाची गोडीच लागली. वॉर्नर ब्रदर्सने १९३२-३३ मध्ये वेनला घेऊन सहा वेस्टर्न काढले होते. त्यांतला एक पाहताना ती म्हणाली की नायकाचे कपडे दुसऱ्या कुणाच्या तरी मापाने बेतल्यासारखे वाटतात. यावेळी तिचे निदान शब्दशः खरे नव्हते, तरी आश्चर्य वाटावे इतके जवळ होते. वॉर्नरने ‘फर्स्ट नॅशनल’ ही कंपनी गिळंकृत केली होती आणि तिच्या गोदामात केन मेनार्ड या मूकपटांच्या नायकाची भरपूर रिळे पडून होती. त्यांत शेकडो गुरांची पळापळ होती, गाड्यांचे तांडे होते, खर्चिक लढाया होत्या. या सहा चित्रपटांत लांबून दिसणारी भव्य दृश्ये मेनार्डच्या जुन्या रिळांतली आहेत आणि जवळून दिसणारा चेहरा वेनचा आहे. दोन्ही जुळावेत म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे दिले आणि मेनार्डच्या टार्झन नावाच्या घोड्याशी मिळताजुळता पांढरा घोडा दिला. मी हे सांगितल्यावर आत्याला मुळीच नवल वाटले नाही. “मापाला जुना ब्लाउज घेऊन येतात, तसंच की,” ती म्हणाली. “नवा कितीही चांगला शिवला तरी जुन्याची चूक त्यात उतरतेच.” मला या सहा चित्रपटांवर जे लिहिता आले नव्हते ते तिने लसूण सोलता सोलता सांगून टाकले. मूकपटाचा वेग वेगळा असल्यामुळे जुन्या तुकड्यांतले घोडे किंचित घाईने, झटक्या-झटक्याने पळतात. एकदा ते दिसले की सांधा कुठे आहे हे लपत नाही.

मुंबईतही त्याच सुमारास, १९३५ साली, वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त नाडिया घोडा उधळत होती, आणि तिच्या घोड्याला ‘पंजाब का बेटा’ असे नाव होते. बदली माणूस न घेता आपल्या उड्या आपणच मारणारी ही बाई आत्याने पाहिली, तर शर्टाच्या खांद्यात खोट काढायला तिला जागाच मिळणार नाही.

खर्च कमी असण्याचा एक परिणाम मला फार उशिरा कळला आणि तो गोष्टींच्या आत शिरलेला आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी मोठ्या लढाया दाखवायच्या, तर शंभर-दोनशे माणसे आणि घोडे लागतात. ते परवडत नसल्याने लोन स्टारच्या चित्रपटांत शत्रू बहुतेक वेळा बाहेरून येतच नाही. तो गावातच असतो. कोट घालतो, त्याला मान असतो, लोकांची गहाणखते त्याच्या तिजोरीत असतात. सोळांतल्या पहिल्या, ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ (१९३३) या चित्रपटात किंकेड नावाचा माणूस सबंध खोऱ्याचे पाणी दाबून बसला आहे आणि शेतकऱ्यांनी वाटेल ती किंमत मोजावी नाहीतर जमीन सोडून निघून जावे, असा त्याचा डाव आहे. शेवटी विहिरीत सुरुंग फुटतो आणि पाणी उसळून खोऱ्यातून वाहू लागते. बँका बुडत होत्या, मध्य अमेरिकेतल्या शेतांवर जप्त्या येत होत्या, त्या वर्षी हे दृश्य पाहताना कान्सासमधल्या एखाद्या गावातल्या प्रेक्षागृहात काय झाले असेल याची कल्पना करता येते. मराठवाड्यातल्या टँकरच्या गावात तर उपशीर्षकांचीही गरज पडणार नाही. या चित्रपटांच्या लेखकांना राजकारण करायचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना घोडे वाचवायचे होते.

याच चित्रपटात वेन गाणारा नायक आहे. द्वंद्वासाठी रस्त्यातून चालत येताना तो एका खर्जातल्या आवाजात रक्ताचे पाट वाहण्याचे गाणे म्हणतो, आणि तो आवाज उघडउघड दुसऱ्याचा आहे. ओठ एकीकडे, सूर दुसरीकडे. आत्या इतकी हसली की मेथी सांडली. वेनकडून गाऊन घेण्याचा हा प्रयोग फार काळ टिकला नाही, आणि पुढे १९३५ साली मोनोग्राम, मॅस्कॉट वगैरे कंपन्या एकत्र करून हर्बर्ट येट्सने ‘रिपब्लिक’ काढली तेव्हा गाणारा काउबॉय म्हणून खरोखर गाता येणारा जीन ऑट्री पुढे आला.

आता कुरकूर करण्याच्या गोष्टींकडे वळतो, कारण त्या झाकून ठेवल्या तर वरचे कौतुक खोटे ठरेल. पहिली गोष्ट घोड्यांची. घोडा ठरल्या जागी कोसळावा म्हणून ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची एक युक्ती वापरत. पुढच्या दोन्ही पायांना तार बांधायची, ती पोटपट्ट्याच्या कडीतून काढून जमिनीत पुरलेल्या खुंटाला अडकवायची आणि घोडा भरधाव सोडायचा. तार संपली की पाय खालून ओढले जातात आणि घोडा तोंडावर आपटतो. स्वार कुठे पडायचे हे आधी ठरवून उडी घेतो. घोड्याला कुणी काही सांगितलेले नसते. कित्येक घोडे त्यात मेले किंवा गोळी घालून मारावे लागले. कनट या तंत्रातही वाकबगार होता, आणि त्याच्याविषयीच्या माझ्या आदराला हा डाग कायमचा आहे. १९३९ सालच्या ‘जेसी जेम्स’ या मोठ्या, रंगीत, खर्चिक चित्रपटात घोड्याला कड्यावरून पाण्यात ढकलले गेले आणि तो मेला, त्यावर ओरड झाली आणि त्यानंतर कुठे प्राणिरक्षण संस्थेचे निरीक्षक चित्रीकरणावर येऊ लागले. आता पडद्यावर घोडा पडला की मी तो भाग दुसऱ्यांदा पाहत नाही. घोडा उठून उभा राहतो की नाही एवढे मात्र बघतो, आणि पुष्कळदा ते दिसायच्या आतच दृश्य कापलेले असते.

दुसरी गोष्ट मूळ रहिवाशांची. खर्चामुळे लढाया कमी झाल्या तरी मुखवटे राहिलेच. ‘द स्टार पॅकर’मध्ये (१९३४) नायकाचा मूळ रहिवासी सोबती कनटनेच रंगवला आहे, डोक्याला पट्टी बांधून आणि मोडक्या-तोडक्या इंग्रजीत, आणि ते पाहताना आज अंग चोरून बसावे लागते. काळ्या माणसांचे तर या जगात जवळजवळ अस्तित्वच नाही. प्रत्यक्षात गुरे हाकणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती. ती पोकळी भरून काढली तीही स्वस्त चित्रपटांनीच. १९३७ साली ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’मध्ये हर्ब जेफ्रीज हा गायक पहिला काळा गाणारा काउबॉय म्हणून आला, आणि काळ्या प्रेक्षकांसाठीच्या वेगळ्या चित्रपटगृहांत त्याच्या चित्रपटांनी स्वतःचा शनिवार तयार केला. तांत्रिकदृष्ट्या ते लोन स्टारपेक्षाही ओबडधोबड आहेत, पण त्या पोरांना घोड्यावर बसलेला आपला माणूस दिसला.

एक सूचना करून ठेवतो, कारण तिच्यावाचून अनेकांचा पहिला अनुभव फसतो. लोन स्टारच्या मूळ चित्रपटांना पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. टापा, वारा, दाराची कुरकुर आणि बंदुकीचे बार एवढेच ऐकू येते. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटसाठी काही जणांनी त्यांना सिंथेसायझरचे संगीत जोडले आणि काहींनी त्यांना रंगही फासले. आज इंटरनेटवर बहुतेक वेळा तीच आवृत्ती हाती लागते. माझ्या वहीतली पहिली कितीतरी परीक्षणे त्या सिंथेसायझरची आहेत, चित्रपटांची नाहीत, आणि ती मी रद्द धरली आहेत. मूळ प्रिंट शोधावी. ती शांतता सुरुवातीला रिकामी वाटते. मग घोडा लांब असताना टापा आधी येतात आणि घोडा नंतर, हे लक्षात येते.

या चित्रपटांचे त्या काळी परीक्षण कुणी केले, याचा शोध घेताना मला माझे गुरू सापडले. मोठी वृत्तपत्रे त्यांच्याकडे फारशी फिरकत नसत. पण ‘मोशन पिक्चर हेरल्ड’ या व्यावसायिक साप्ताहिकात एक सदर असे, ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’, म्हणजे ‘या चित्रपटाने माझे काय भले केले’. त्यात लहान लहान गावांतले चित्रपटगृहांचे मालक स्वतः दोन-चार ओळी लिहून पाठवत. चित्रपट कुठल्या वारी लावला, हवा कशी होती, गल्ला किती जमला, पोरे खूश झाली का, प्रिंट तुटकी होती का. आणि शेवटी आपले, गावाचे नाव आणि आपला प्रेक्षक कसा, शेतकरी की सर्वसाधारण, याची नोंद. त्या अंकांची पाने आता इंटरनेटवर वाचायला मिळतात आणि मी ती रात्र-रात्र वाचली आहेत. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न त्या माणसांपुढे नव्हता. त्यांच्यापुढे एक ठराविक शनिवार होता, ठराविक गाव होते, बहुधा दहा सेंट मुठीत घेऊन आलेली पोरे होती, आणि त्या दिवशी त्या माणसांसाठी हा चित्रपट कामी आला की नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. तारे त्यांनी दिले नाहीत. पाऊस पडत होता हे मात्र न चुकता लिहिले.

मीही तारे देणे सोडून दिले आहे. आत्या परत जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही ‘द स्टार पॅकर’ पाहिला, ज्यात ‘शॅडो’ नावाचा गुप्त खलनायक भिंतीतल्या तिजोरीआडून हुकूम सोडतो आणि गावाच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोकळ बुंध्यात लपून त्याचा माणूस गोळ्या झाडतो. त्या चित्रपटाची वहीतली नोंद जशीच्या तशी देतो.

‘द स्टार पॅकर. मोनोग्राम. शनिवार, रात्री साडेनऊ. संध्याकाळपासून मुसळधार, दोनदा वीज गेली. प्रेक्षक दोन. प्रिंट खरवडलेली, दुसऱ्या रिळात आवाज बसका, संगीत नाही ही मोठीच सोय. खलनायक कोण ते आत्याने सातव्या मिनिटाला सांगितले. कनट दोन वेळा वेनच्या शर्टात सापडला, एकदा माझ्या आधी तिला. घोडे सगळे उठले. पोकळ बुंधा उघडला तेव्हा तिने हातातली जुडी खाली ठेवली. प्रेक्षकवर्ग: शिवणकाम.’